लुगडं पांघरलेला ट्रॅक्टर

सर, मुद्दा एका ट्रॅक्टरचा आहे. तुम्हाला लांबण लावलेली आवडायची नाही म्हणून आधीच सांगून टाकतो, नाहीतर निम्म्यात आल्यावर तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि मी गप्प बसलो असतो. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. बातमी मला तेरावा उलटून गेल्यावर कळली आणि काकूंना भेटायला जायचं जे राहिलं ते राहिलंच. आज शुक्रवार, इथे सुट्टी. दोह्यात अल मन्सूराच्या एका जुन्या इमारतीत आम्ही चौघे राहतो, बाकीचे तिघे भाजी आणायला गेलेत. फ्रिजवर आठवड्याचा स्वयंपाक कोणी कधी करायचा त्याचा कागद लावलाय. परवापरवापर्यंत तो कागद ज्या लोहचुंबकाने धरून ठेवलेला होता ते तुम्ही मला दिलेलं होतं. आता कागद चिकटपट्टीवर आहे आणि लोहचुंबक माझ्यासमोर टेबलावर. ते तिथून का काढलं, ते सांगायचंय.

आपल्या कृषी विद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये दोन परदेशी गार्डन ट्रॅक्टर होते. बागेत, हिरवळीवर चालणारे, कमरेएवढे. कुठल्याशा योजनेतून भेट म्हणून आलेले, आम्ही आलो तेव्हाच जुने झालेले. शेतावरचे गडी तुम्हाला मेस्त्री म्हणायचे आणि त्या ट्रॅक्टरांना खेळणी. दोन्हींचं बोनेट एक, रंग एक, स्टिअरिंग एक. तुम्ही त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायचात. थोरलं म्हणजे पूर्ण मॉडेल, ओढकाम करणारं. धाकटं म्हणजे त्याच कंपनीने त्याच साच्यातून काढलेलं स्वस्त मॉडेल, गवत कापण्यापुरतं. तोंडावरून फरक एवढाच की थोरल्याला दोन दिवे होते आणि धाकट्याच्या दिव्यांच्या जागी गोल पत्रे ठोकलेले होते. खरा फरक पोटाखाली. थोरल्याचा पुढचा आस बिडाचा ओतीव, धाकट्याचा पत्रा वाकवून केलेला. थोरल्याचं मागचं चाक पाच बोल्टांवर, धाकट्याचं एका खिळीवर. आणि थोरल्याचा गिअरबॉक्स बिडाचा, धाकट्याचा अ‍ॅल्युमिनियमचा, वर तोच रंग फासलेला. डोळ्याला ते कळत नाही. तिथे लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर बीड, पडलं तर अ‍ॅल्युमिनियम. हे सगळं मी आजही झोपेत सांगेन, आणि घोडं तिथेच पेंड खातं हे मला या वर्षी कळलं.

पहिल्याच महिन्यात तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं होतंत. वर्कशॉपच्या दारातूनच मी ऐटीत म्हणालो, "सर, ते डावीकडचं थोरलं." तुम्ही विचारलंत, कशावरून. मी म्हणालो, दिवे आहेत. तुम्ही हातातला पान्हा खाली ठेवलात आणि म्हणालात, "नवरी बघायला आलायस का? दिवे काय, उद्या मी धाकट्यालाही लावीन. खाली वाक." सगळी पोरं हसली. मीही हसलो, पण कान लाल झाले होते. त्या दिवसापासून तुम्ही काकूंची दोन जुनी लुगडी आणून त्या ट्रॅक्टरांवर टाकायला सुरुवात केलीत. बोनेट, सीट, दिवे सगळं झाकलेलं, फक्त खालचा वीतभर भाग उघडा. ज्याला ओळखायचंय त्याने गोणपाटावर पाठ टेकून आत सरकायचं. आणि उत्तर ऐकायच्या आधी तुम्ही पोराची कोपरं बघायचात. कोपराला ग्रीस नसेल तर उत्तर ऐकतच नव्हतात. बाहेरचे लोक बघायला आले की त्यांना वाटायचं ट्रॅक्टरांची काहीतरी पूजा चाललीय.

परीक्षेच्या दिवसाकडे नंतर येतो. त्याआधी इथलं सांगतो.

मी ज्या कंपनीत वर्कशॉप सुपरवायझर आहे ती कंपनी झाडं आणि हिरवळ पुरवते. वर्ल्ड कप जवळ येतोय, त्यामुळे जिथे काल वाळू होती तिथे उद्या बाग हवी असते. शहराच्या उत्तरेला एका वयस्कर कतारी गृहस्थांचा मजरा आहे, मजरा म्हणजे शेत. त्यांच्या वडिलांनी फार पूर्वी जहाजाने आणवलेले सात गार्डन ट्रॅक्टर तिथल्या शेडमध्ये पडून होते. आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणतो, मालक या अर्थाने. अरबाबच्या मनात आलं की सरावाच्या मैदानाशेजारी जी नवीन बाग होतेय तिथे हे जुने ट्रॅक्टर रंगवून चालवावेत, त्यांनी पाण्याच्या टाक्या ओढाव्यात, पाहुण्यांनी बघावं. आमचा मॅनेजर पुण्याचा, अल सद्दला कुटुंबासह राहतो, त्याला ही कल्पना फारच आवडली. त्याने मला फोन केला, "तुला ही जुनी मॉडेल्स कळतात ना? मग जा आणि लिस्ट करून दे. कुठले टाकी ओढतील, कुठले नुसते फिरवायचे. अरबाब स्वतः असणार आहेत, जरा बऱ्या कपड्यांत जा."

मी बऱ्या कपड्यांत गेलो. पांढरा शर्ट, मुलीने सुट्टीत घेऊन दिलेला. अरबाबनी गाव्हा, म्हणजे त्यांची कॉफी, पाजली, खजूर दिले, आणि एकेका ट्रॅक्टरवरून हात फिरवत वडिलांच्या गोष्टी सांगितल्या. सातही मशिनं आपल्याच त्या जोडीच्या जातीची होती, सर. मला इतका आनंद झाला की काय सांगू. कोणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगायला कोणी नव्हतं. पहिल्या चारांना दिव्यांच्या जागी पत्रे होते. धाकटी. पाचव्या, सहाव्या, सातव्याला दिवे होते, स्प्रिंगवाली सीट होती, चाकांवर चकचकीत टोप्या बसवलेल्या होत्या. थोरली. अरबाब बघत होते, उकाडा मी म्हणत होता, जमिनीवर तेल सांडलेलं होतं. मी कागदावर तीन ठिकाणी "पूर्ण मॉडेल, ओढकामास योग्य" लिहिलं आणि सही केली. अरबाब म्हणाले, "माशाल्ला, तुम्ही नुसत्या नजरेने ओळखता." मी मान तुकवली. हो, तुकवली.

सातवा ट्रॅक्टर ज्याच्या हाती दिला तो ड्रायव्हर आपल्याकडचाच, साताऱ्याच्या माण तालुक्यातला, पन्नाशीचा. इथे आठ वर्षं झाली त्याला. कामापुरतं बोलणारा. नर्सरीतली हिरवळ गुंडाळून मैदानावर नेणाऱ्या गाड्यांवर त्याने दोन हंगाम काढलेत, त्यामुळे त्याचं एक खूळ आहे. सगळे तिकिटांच्या गप्पा मारतात तेव्हा तो म्हणतो, "मॅच न्हाई बघायची मला. माझं गवात बघायचंय, त्यावर पळत्यात का न्हाई नीट. त्येवढं झालं की घरी." बागेचं काम सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"सायेब, सातवं मशीन मागनं कुई कुई करतंय. टाकी जोडली की वज्जं घेत न्हाई त्ये."

मी फोनवर होतो. म्हणालो, "अरे, थोरलं मॉडेल आहे ते. जुनं आहे म्हणून आवाज करतं. चालव तू, यल्ला."

त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि गेला. पाचव्या दिवशी सकाळी बागेतल्या मातीच्या उंचवट्यावर टाकी चढवताना गिअरबॉक्स फुटला. तुम्हाला सांगायला नको, या जातीत ब्रेक गिअरबॉक्सवरच असतो, तो फुटला की ब्रेकही गेला. ट्रॅक्टर टाकीसकट मागे आला. त्याने उडी मारली म्हणून वाचला, पण घोटा मोडला. टाकी खाली जाऊन नव्याने लावलेल्या कडुनिंबांच्या ओळीवर आडवी झाली. मी पोचलो तेव्हा तो सावलीत बसला होता, बूट काढलेला, आणि आधी मला म्हणाला, "झाडं गेली सायेब चार."

त्या दुपारी मी खोलीवर आलो, फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं आणि परत गेलो. कागद खाली पडला, तो मित्राने चिकटपट्टीने लावला. ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये आणून ठेवला होता. मी गोणपाट टाकलं, पाठ टेकली आणि आत सरकलो. किती वर्षांनी, ते मोजायचं धाडस झालं नाही. पुढचा आस वाकवलेल्या पत्र्याचा होता. चाकावरची टोपी उपटली, आत एकच खिळी. गिअरबॉक्सच्या फुटक्या काठावर मी लोहचुंबक लावलं. ते माझ्या छातीवर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा लावायची गरज नव्हती, पण मी लावलं. अरबाबच्या कोणा जुन्या मेकॅनिकने एखाद्या मेलेल्या थोरल्याचे दिवे, सीट आणि चाकांच्या टोप्या काढून या धाकट्यावर बसवल्या होत्या. त्यात लबाडी काही नसणार, सामान पडून होतं म्हणून लावलं असेल. तुम्ही म्हणालाच होतात की उद्या मी धाकट्यालाही दिवे लावीन. पाचवं आणि सहावंही मग बघितलं. ती खरी थोरली निघाली, म्हणजे तीनातली दोन माझी बरोबर आली होती, आणि तीही नुसती नशिबाने.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनमध्ये अपघाताचा फॉर्म होता. त्याने तो आधीच भरून ठेवला होता. "हे बघ," तो म्हणाला, "हँडओव्हर तोंडावर आलंय. मशीन अरबाबचं, ते खराब म्हणता येत नाही. लिस्टवर तुझी सही, तू अडकशील. ऑपरेटरने टाकी जास्त भरली, ऑपरेटर एरर. तू फक्त साक्षीदार म्हणून सही कर, खलास." मी विचारलं, त्याचं काय होईल. तो म्हणाला, "पाय बरा झाला की घरी पाठवू. रिमार्क राहील फाइलला. काय करणार?" रिमार्क राहिला की आखातात दुसरीकडे कोणी घेत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. टाकी जास्त भरलेली नव्हती, हेही मला माहीत होतं. मी सही केली, सर. पेन चांगलं चालत होतं. नंतर जाऊन जेवलोही.

चार दिवसांनी मी त्याला भेटायला कामगारांच्या कॅम्पवर गेलो. डब्यात कांदा-बटाट्याची भाजी आणि पोळ्या नेल्या होत्या. तो खालच्या पलंगावर प्लास्टर उशीवर ठेवून बसला होता आणि फोनवर बायकोला सांगत होता की पाय मुरगळलाय जरासा. फोन ठेवून त्याने डबा उघडला, वास घेतला, बाजूला ठेवला. मला वाटलं होतं तो विचारेल, फॉर्ममध्ये काय लिहिलं. त्याने विचारलं नाही. त्याला कळलेलं होतं, अशा बातम्या कॅम्पवर माझ्याआधी पोचतात. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की ते मशीन आतून धाकटं निघालं, कोणाला कळणं शक्य नव्हतं.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही खाली वाकून बघितलंच न्हाई, ह्ये. त्या दिवशी मजऱ्यावर गाडी मीच घेऊन आल्तो न्हवं का. तुम्ही शेडमधनं भाईर आला, शर्ट परटाकडनं आल्यावानी. सात मशिनं तपासून शर्ट पांढरा ऱ्हाईल व्हय कुणाचा?"

मी म्हणालो, "मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. कुई कुई वाजतंय म्हणलं. आनी काय बोलू? तुम्ही सायेब." त्याने प्लास्टरवरची माशी हाकलली. "पाय जाऊं द्या, पाय जुळंल. पर माझ्या नावावर ल्ह्यायला नको हुतं. गवात बघायचं राहिलं ना माझं."

तो चिडून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मला लाज वाटली, सर, सरळ सांगतो. कॅम्पपासून बसथांब्यापर्यंत चालत येताना मला माझ्या शर्टाकडे बघवेना. त्या दिवशी घातलेला निळा होता, तरीही.

दुसऱ्या सकाळी मी वेस्ट बेमधल्या मुख्य ऑफिसात गेलो आणि नवीन कागद दिला. तपासणी मी केली, ती अपुरी केली, मॉडेल चुकीचं ओळखलं, ड्रायव्हरने दोन दिवस आधी आवाजाबद्दल सांगितलं होतं, टाकी नेहमीएवढीच होती, आणि आधीच्या फॉर्मवरची माझी साक्ष खोटी आहे. सहा वाक्यं. मॅनेजर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, मग बोलला तो एवढंच की "शहाणा आहेस." मला वर्ल्ड कपच्या कामावरून काढून औद्योगिक भागातल्या यार्डात पाठवलं, तिथे मी आता पंप आणि गवत कापायची यंत्रं बघतो. नोकरी राहिली, पुढच्या करारात किती राहील ते इन्शाल्ला. ड्रायव्हरचा रिमार्क पुसला गेला. पाय पूर्ण बरा होईपर्यंत त्याला नर्सरीत पाण्याच्या व्हॉल्व्हवर बसवलंय. मी भेटायला गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून नवीन आलेल्या मेकॅनिकला सांगत होता, "आधी खाली वाक, मग बोल." त्याला हे कोणी शिकवलं विचारलं, तर म्हणाला, बैलाचे खूर बघायला वाकावंच लागतं, त्यात शिकवायचं काय. माझ्याशी तो नीट बोलतो, पण साहेब म्हणायचं त्याने सोडलंय. भाऊ म्हणतो. हे वर चढणं की खाली उतरणं, ते मी विचारलेलं नाही.

आता परीक्षेचा दिवस. तुम्ही आदल्या दिवशी दोन्ही ट्रॅक्टर जागा बदलून ठेवले होतेत, वर लुगडी. प्रत्येकाला एकच ट्रॅक्टर, पाच मिनिटं, उत्तर आणि तीन कारणं. मला त्याच दुपारी मामेभावाच्या लग्नाला निघायचं होतं, म्हणून मी नवीन शर्ट घालूनच आलो होतो. मला दिलेल्या ट्रॅक्टरवर काकूंचं हिरवं लुगडं होतं. मी आत सरकलो नाही. उकिडवा बसलो, हात आत घातला आणि वेळ काढला. मग "थोरलं" लिहिलं, खाली तीन कारणं लिहिली, ती मला पाठच होती. तुम्ही रिवाजाप्रमाणे आधी माझी कोपरं बघितलीत. मग शर्ट बघितलात. म्हणालात, "लग्नाला निघालास वाटतं?" मी म्हणालो, हो सर, मामेभावाचं आहे. तुम्ही कागद वाचलात आणि पैकीच्या पैकी गुण दिलेत. शेवटच्या दिवशी सगळे पाया पडून निघाले तेव्हा मला एकट्याला थांबवून खिशातलं लोहचुंबक काढून दिलंत. म्हणालात, "ठेव. तुला लागेल."

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो की सरांनी सबंध वर्गात फक्त मला लोहचुंबक दिलं. नोकरीच्या मुलाखतीतही सांगितलं, या मॅनेजरलाही सांगितलं होतं, म्हणून तर त्याने मजऱ्यावर मला पाठवलं. वर्गात पहिला आलेला पोरगा दुसराच होता, त्याला तुम्ही काही दिलं नव्हतं. हे मला तेव्हाही दिसत होतं, पण बक्षीस मिळालेला माणूस असले हिशोब करत नाही. आता तुमचं ते लग्नाचं वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून बघतोय. माण तालुक्यातल्या माणसाला जे गाडीत बसल्या बसल्या दिसलं, ते कोपरं बघून गुण देणाऱ्या माणसाला दिसलं नसेल असं मला स्वतःला पटवता येत नाही. मग तुम्ही गुण का दिलेत, मला काही बोलला का नाहीत, हे विचारायला हवं होतं आणि विचारायला तुम्ही नाही आहात. उत्तर बरोबर होतं, म्हणून असेल. किंवा लग्नाला निघालेल्या पोराचा चेहरा पाडायचा नसेल.

जिने चढल्याचे आवाज येतायत, तिघे आले वाटतं. आज भाजी माझ्याकडे आहे, कागदावर तसं आहे. हे पत्र मी टूलबॉक्सच्या खालच्या खणात ठेवणार आहे. तुमच्या घरी आता कोण असतं मला माहीत नाही, आणि असतं तरी पाठवलं नसतं. फक्त एक तुमच्या कागदावर यायचं राहिलंय ते लिहितो. हिरव्या लुगड्याला उजव्या दिव्यासमोर भोक होतं, सर, उंदराने कुरतडलेलं, रुपयाएवढं. मला त्यातून दिव्याची काच दिसली होती. तुम्ही त्या दिवशी धाकट्याला दिवे लावून ठेवले असतेत, तरी मी थोरलंच लिहिलं असतं.